दुर्लौकिक, बदनामी की बट्टा?

प्रश्न : साखर पेठेत आमचं चादरींचं दुकान आहे. हलक्या सुताच्या चादरी बाहेरगावी ‘सोलापुरी’ म्हणून खपवतात, त्याविरुद्ध आम्ही व्यापारी पत्रक काढतोय. मी लिहिलं, ‘नकली मालामुळे सोलापूरचा दुर्लौकिक झाला आहे.’ मुलगा म्हणतो, दुर्लौकिक कुणाला कळतोय, ‘बदनामी’ लिहा. बरोबर कोणतं?
– एक चादरविक्रेते, सोलापूर

उत्तर : दुर्लौकिक खोडाच, पण मुलाने दिलेल्या कारणासाठी नव्हे. तो शब्द तुमच्यावरच उलटतोय. लौकिक माणूस आपल्या करणीनं मिळवतो, दुर्लौकिकही तसाच. मापात मारणाऱ्या दुकानदाराचा वर्षानुवर्षांनी होतो तो दुर्लौकिक. तुमचं वाक्य वाचून गिऱ्हाईक म्हणेल, सोलापूरकरच वाईट विणतात वाटतं!

बदनामीला बोलणारं तोंड लागतं. नकली चादर विकणारा सोलापूरला नावं कुठे ठेवतो? तो तर त्याच नावावर पोट भरतो. (पत्रकात कुणा दुकानाचं नाव घालणार असाल तर मात्र जपून. बदनामीचा खटला तुमच्यावरच व्हायचा. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ४९९-५०० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहेच.)

नाचक्की तेवढ्यापुरती असते. पहिल्याच धुण्यात रंग गेलेली चादर गिऱ्हाइकानं चारचौघांत गल्ल्यावर आणून आपटली, की झाली.

मी ‘बट्टा’ लिहिला असता. तुमच्या बाजारातलाच शब्द आहे. तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडे होतं तेव्हा तिकडे हाली सिक्का चाले आणि सोलापुरात इंग्रजांचा कलदार. हालीचे सात रुपये द्यावेत तेव्हा कलदार सहा मिळत. नाणी बदलून देताना सराफ जे कापून घेई, तो बट्टा. झिजलेल्या नाण्यावरही तो कापत. असं नाणं खोटं नसतं, फक्त पूर्ण किमतीला जात नाही. तुमच्या चादरीचंही हेच झालंय. तेव्हा लिहा : ‘नकली चादरींनी सोलापूरच्या नावाला बट्टा लावला आहे.’ बट्टा नावाला, कुळाला, अब्रूला लागतो किंवा लावला जातो. ‘बट्टा झाला’ असं लिहू नका. बट्ट्याबोळ होतो, पण ती वेळ तुमच्यावर आलेली दिसत नाही.

आणखी एक. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ही ओळ पत्रकात ठळक टाइपात घ्या. ती खाली बारीक अक्षरांत ढकलू नका.