ऋतूंवरच्या आधुनिक निसर्गचित्रात झाड नाही, ढग नाही. मग ऋतू शोधायचा कुठे?

आपण विचारले आहे की, ऋतुबदलावरचे म्हणून मांडलेल्या एका आधुनिक निसर्गचित्रात नारिंगी, काळा आणि राखाडी अशा आडव्या पट्ट्यांशिवाय काहीच ओळखू येत नाही, तर त्याचा अर्थ कसा लावावा. प्रश्नासोबतचे छायाचित्र मी बराच वेळ पाहिले. मी इंदूरची रहिवासी आहे आणि चित्रे पाहण्याची मला जुनी आवड आहे. त्या आधारे लिहिते.

पिवळा म्हणजे वसंत आणि हिरवा म्हणजे वर्षा, असा कोश मनात धरून अशा चित्रासमोर उभे राहू नये. आमच्या माळव्यात आश्विनात पिकलेले सोयाबीन पिवळे दिसते, फाल्गुनात गहू पिवळा होतो आणि वैशाखात माळावरचे वाळके गवतही पिवळेच असते. एकट्या पिवळ्यावरून महिना सांगता येत नाही. तो निळसर राखाडीला लागून आला तर ओल जाणवते आणि नारिंगीला लागून आला तर कोरडेपणा जाणवतो. म्हणून आधी पट्ट्यांकडे न पाहता दोन पट्टे जेथे भेटतात ती कड पाहावी. माझ्या मते ऋतूंवरच्या चित्राचा खरा विषय ऋतू नसून एक ऋतू सरून दुसरा लागण्याची ती घडी असते.

जुन्या बारमासा चित्रांत, म्हणजे वर्षाचे बारा महिने दाखवणाऱ्या चित्रमालांत, प्रत्येक महिन्याची खूण ठरलेली होती: काळे ढग, बगळ्यांची माळ, मोर, होळीचा रंग. पाहणाऱ्याला त्या खुणा आधीच ठाऊक असत. फ्रेंच चित्रकार मोने यांनी १८९० आणि १८९१ या वर्षांत गव्हाच्या गंजींची सुमारे पंचवीस चित्रे रंगवली, तेव्हा वस्तू तीच ठेवून प्रकाश आणि हवामान बदलत नेले. गंजी स्थिर असल्यामुळेच बदल मोजता येतो. आपल्या चित्रकाराने ती स्थिर वस्तूही काढून टाकली आहे, आणि आपल्याला जी अडचण वाटते ती येथूनच येते.

असे करणारा तो एकटा नाही. आधुनिक भारतीय चित्रकार अकबर पदमसी यांनी १९७० पासून ‘मेटास्केप’ नावाने जी निसर्गचित्रे केली, त्यांत सूर्य आणि चंद्र अनेकदा एकाच वेळी दिसतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या नांदीत सूर्य आणि चंद्र यांना नावाने न संबोधता ‘काळ ठरवणारी दोन’ असे म्हटले आहे, आणि पदमसींच्या कल्पनेचे मूळ त्या श्लोकात आहे. हे कळल्यावर ती चित्रे एखाद्या जागेची न वाटता काळाची वाटू लागतात. इंदूरच्या मातीत घडलेले नारायण श्रीधर बेंद्रे वेगळ्या वाटेने गेले. इंदूरचे कलाशिक्षक देवळालीकर यांच्याकडे शिकलेल्या या चित्रकाराने पुढे रंगांच्या लहान लहान ठिपक्यांतूनही निसर्ग उभा केला. अशा चित्रात ऋतू कोणत्या वस्तूवर अवलंबून नसतो, तर कोणते ठिपके अधिक आणि कोणते विरळ, यावर अवलंबून असतो. बेंद्रे यांच्याविषयी मला विशेष ममत्व आहे, हे मान्य करते.

आता आपले चित्र. त्यातला काळा पट्टा मला रात्रीचा किंवा दुःखाचा वाटत नाही. तो जमिनीचा वाटतो. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि रंग राखाडी होतो. पहिला पाऊस पडला की तीच जमीन फुगते आणि एका दिवसात गडद दिसू लागते. नारिंगीच्या खाली राखाडी आणि त्याखाली काळा, हा क्रम वरून खाली वाचला तर तापलेले आकाश, भेगाळलेली वरची जमीन आणि आतली ओल, असे मृगाच्या तोंडावरचे दृश्य मला दिसते. चित्रकार दुसऱ्या प्रदेशाचा असेल तर माझे हे वाचन चुकेलही, परंतु रंगांचा क्रम आणि त्यांच्या कडा यांच्याकडे लक्ष देण्याची रीत तेथेही उपयोगी पडेल.

छायाचित्रात रंगाची जाडी कळत नाही. मूळ चित्र पाहण्याची संधी मिळाली तर समोरून पाहून झाल्यावर एका बाजूला सरका, तिरक्या उजेडात राखाडी आणि काळा यांच्यामधली कड पाहा आणि कोणता रंग कोणावर चढला आहे ते तपासा. राखाडी वर असेल तर जमीन अजून वाळते आहे आणि काळा वर आला असेल तर पाऊस होऊन गेला आहे.