पायथॉनमध्ये २६ तासांच्या फरकाचे सेकंद ७२०० च का येतात?

तुमचं वजाबाकीचं गणित बरोबर आहे, फक्त ‘सेकंड्स’ हा चुकीचा गुणधर्म वाचताय. टाइमडेल्टा, म्हणजे दोन वेळांमधला फरक ठेवणारा पायथॉनचा प्रकार, आत तीनच गोष्टी साठवतो: दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद. २६ तास म्हणजे १ दिवस आणि उरलेले ७२०० सेकंद. ‘सेकंड्स’ तेवढा उरलेला भागच देतो, तो ८६,३९९ च्या वर कधीच जात नाही. पूर्ण कालावधी हवा असेल तर ‘टोटल_सेकंड्स’ हे फंक्शन वापरा, ९३,६०० मिळतील. तासच हवे असतील तर त्या फरकाला एका तासाच्या टाइमडेल्टाने सरळ भागा. ३६०० ने भागत बसण्यापेक्षा मला हेच वाचायला सोपं वाटतं.

फरक ऋण असेल तर आणखी गंमत. उणे १ सेकंद हा उणे १ दिवस आणि ८६,३९९ सेकंद असा साठवला जातो, कारण ऋण चिन्ह फक्त दिवसांना लागतं. लॉगमध्ये हे बघून दचकू नका.

टाइमडेल्टात महिना किंवा वर्ष मिळणार नाही, त्यांची लांबी ठरलेली नसते. आणि कोडला किती वेळ लागला हे मोजायचं असेल तर घड्याळाच्या वेळा वजा करू नका, ते मध्येच मागे-पुढे होऊ शकतं. त्यासाठी टाइम मॉड्यूलमधलं ‘मोनोटॉनिक’ हे कधीच मागे न जाणारं घड्याळ आहे.