मोठा पाइप टाकला की झालं? मलवाहिनीच्या नियमांविषयी वाचकांचे प्रश्न

नव्या वसाहतीत मलवाहिनी टाकताना पालिकेची नियमावली हातात पडते, पण त्यातला प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे कुणी सांगत नाही, अशी तक्रार या वेळच्या बहुतेक पत्रांत आहे. म्हणून उत्तरं कारणांसकट देत आहोत. आकडे सर्वसाधारण प्रघाताचे आहेत. तुमच्या पालिकेच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल, तर तोच धरावा.

प्रश्न : आमची वसाहत ४०० घरांची आहे. आराखड्यात २०० मिमी व्यासाची वाहिनी १:३०० उताराने दाखवली आहे. पुढचा विचार करून ३०० मिमी टाकावी असं आमचं मत, पण पालिकेचे अभियंता मान्य करत नाहीत. मोठ्या पाइपचं एवढं वावडं का?

आधी प्रवाह काढू. घरटी ५ माणसं धरली तर २,००० माणसं. माणशी रोज १३५ लिटर वापर आणि त्यातला ८० टक्के भाग मलवाहिनीत, म्हणजे दिवसाला २,१६,००० लिटर. सेकंदाला सरासरी अडीच लिटर. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरा : साडेसात लिटर. २०० मिमीचा पाइप १:३०० उतारावर काठोकाठ वाहिला तर सेकंदाला जवळपास १९ लिटर नेतो (उतार आणि व्यासावरून प्रवाह काढणारं मॅनिंगचं सूत्र, खडबडीतपणाचा गुणांक ०.०१३). थोडं भूजल झिरपून आत आलं तरी जागेची चणचण नाही.

अडचण वेगाची आहे. मैला आणि वाळू तळाशी बसू नये म्हणून सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग हवा. तुमच्या २०० मिमीच्या पाइपमध्ये साडेसात लिटर वाहताना पाण्याची खोली ८७-८८ मिमी आणि वेग ०.५७ मीटर येतो, म्हणजे आराखडा मुळातच काठावर आहे. त्याच उताराने ३०० मिमी टाकला तर वेग ०.५५ होतो. फायदा काहीच नाही, उलट पाण्याचा थर पातळ होऊन पसरतो. खरी गोम पुढे आहे. ३०० मिमीला ‘काठोकाठ वाहताना ०.६’ हा हिशेब १:५०० उतारावरही बसतो. त्यामुळे मोठा व्यास दाखवून उतार कमी करायचा आणि खोदाई वाचवायची, ही जुनी युक्ती आहे. तसं केलं की तुमचा वेग ०.४६ वर येतो. व्यास वाढवून उतार सपाट करायला नियमावल्या मनाई करतात ती यामुळेच.

आणखी एक हिशेब आराखड्यात सहसा नसतो. पहिल्या एक-दोन वर्षांत एक चतुर्थांशच घरं भरली, तर गर्दीच्या वेळीही १.९ लिटरच वाहील. तेव्हा २०० मिमीत १:३०० ला वेग ०.३८ आणि ३०० मिमीत १:५०० ला जेमतेम ०.३०. नव्याकोऱ्या वाहिन्या पहिल्याच वर्षी तुंबतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आमचा सल्ला : व्यास २०० मिमीच ठेवा आणि वरच्या टोकाच्या गल्ल्यांना, जिथे प्रवाह सर्वांत कमी असतो तिथे, उतार वाढवा. १:१२५ ला साडेसात लिटरला वेग ०.७८ आणि १.९ लिटरलाही ०.५ च्या वर मिळतो. सबंध लांबीला इतका उतार परवडणार नाही, कारण ३०० मीटरमध्ये १:३०० ला १ मीटर खाली जावं लागतं, तर १:१२५ ला २.४ मीटर. पण खाली जाताना गल्ल्यांचे प्रवाह मिळत जातात, तसा उतार कमी करता येतो. एकच उतार वरपासून खालपर्यंत ओढणं सोपं असतं, म्हणून तसं केलं जातं, इतकंच.

प्रश्न : मग हिशेबाने १०० मिमीचा पाइप पुरत असेल अशा छोट्या गल्लीतही किमान १५० किंवा २०० मिमीचाच आग्रह का?

किमान व्यास पाण्यासाठी नसतो. चिंध्या, प्लॅस्टिक, झाडांची मुळं आणि ती काढायला आत जाणारा जेटिंगचा (पाण्याच्या जोरदार झोताने सफाई करणारा) होज किंवा कॅमेरा यांच्यासाठी असतो.

प्रश्न : नकाशात उतार बरोबर आहे. तरी पाइप टाकल्यावर दोन चेंबरच्या मध्ये पाणी साचून राहतं. ठेकेदार म्हणतो, ‘एवढं चालतं.’

चालत नाही. १:३०० उतारात ६ मीटरच्या एका पाइपला २० मिमी उतार मिळतो. एका सांध्यावर १० मिमीची चूक झाली, तर त्या पाइपचा निम्मा उतार गेला. २० मिमी चुकलं की सपाट, त्याहून जास्त चुकलं की उलटा. स्पिरिट लेव्हलवर हे दिसत नाही. पाइप लेझर वापरावा, किंवा साइट रेल (चरावर ठरलेल्या पातळीला आडव्या बांधलेल्या पट्ट्या) आणि बोनिंग रॉडने (त्या पट्ट्यांच्या रेषेत डोळ्याने जुळवायची T आकाराची काठी) काम करावं. रेल दोन नव्हे, निदान तीन हव्यात. दोन रेलमधली एक धक्का लागून सरकली तर कळत नाही, तिसरी लगेच चुगली करते.

पाइप खालच्या टोकाकडून वर टाकत यायचे आणि सॉकेटचं, म्हणजे दुसरा पाइप ज्यात बसतो त्या रुंद टोकाचं, तोंड चढाकडे ठेवायचं. प्रत्येक सॉकेटखाली बेडिंगमध्ये (पाइपखालच्या खडीच्या थरात) खळगा करावा. तो केला नाही तर पाइप फक्त सॉकेटांवर टेकतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. लेव्हल जुळवायला विटेचा तुकडा किंवा दगड खाली सरकवणं ही सर्वांत वाईट सवय. सगळा भार त्या एका ठिपक्यावर येतो आणि काँक्रीटचा पाइप नेमका तिथे तडकतो.

चरात पाणी असेल तर आधी ते उपसा. चिखलावर टाकलेली खडी चिखलात जिरते आणि पाइप खाली बसतो. उलट, भरणी न केलेल्या चरात रात्री पाणी शिरलं तर २०० मिमीच्या रिकाम्या प्लॅस्टिक पाइपला मीटरमागे सुमारे ३१ किलोची उचल मिळते. त्याचं स्वतःचं वजन त्यामानाने किरकोळ, म्हणून सकाळी पाइप तरंगलेला सापडतो. तो नुसता दाबून खाली बसवू नका. खाली गाळ शिरलेला असतो. पाइप काढून बेडिंग नव्याने करा.

प्रश्न : चराची रुंदी जास्तीत जास्त किती, यावर पालिका अडून बसते. चर रुंद असला तर काम सोयीचं होतं, मग त्यात वाईट काय?

पाइपवर किती माती चढते ते चराच्या रुंदीवर ठरतं. भरलेली माती खाली बसू लागली की चराच्या भिंती घर्षणाने तिचा काही भार स्वतःकडे घेतात. अमेरिकेतल्या आयोवात अँसन मार्स्टन यांनी याचं गणित १९१३ मध्ये मांडलं, आजही पाइपवरचा भार त्याच पायावर काढतात. चर रुंद झाला की भिंती लांब जातात आणि तीच माती पाइपच्या डोक्यावर येते. म्हणून मोजायची ती रुंदी पाइपच्या डोक्याच्या पातळीला. तिथे पाइपचा बाहेरचा व्यास अधिक ४०० ते ६०० मिमी पुरे. वरचा भाग उतरता कापला तरी हरकत नाही, आणि खोल चरात तो कापलाच पाहिजे किंवा शोअरिंग (चराच्या भिंतींना आधार) लावलं पाहिजे, कारण ढासळलेल्या चरात माणसं गाडली जातात.

खुदाई यंत्राची बादली मोठी म्हणून चर रुंद झालाच असेल, तर बेडिंगचा वर्ग वाढवावा लागतो. काँक्रीटचा पाइप नुसत्या सपाट मातीवर ठेवला तर त्याच्या चाचणीतल्या ताकदीच्या १.१ पट भार धरतात. निम्म्या उंचीपर्यंत खडीत नीट बसवला तर १.९ पट. पाइप तोच, फरक फक्त खालच्या खडीचा.

खडी पाइपखाली १०० ते १५० मिमी. त्यानंतर खरं काम पाइपच्या कुशीत असतं : तळ आणि मध्य यांच्यामधला तो चिंचोळा कोपरा, जिथे फावडं पोचत नाही. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी खडी टाकून ती बारीक धुम्मसाने किंवा फावड्याच्या दांड्याने आत ठासावी. एकाच बाजूने ढकलली तर पाइप सरकतो. डोक्यावर ३०० मिमी होईपर्यंत दगड नसलेली निवडक भरणी आणि हातानेच कुटाई. यांत्रिक कॉम्पॅक्टर त्यानंतर. प्लॅस्टिक पाइपची ताकद जवळजवळ सगळी या कुशीतून येते. ती पोकळ राहिली तर पाइप तडकत नाही, चपटा होतो, आणि वरून काही कळतही नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गच्चीचं पाणी मलवाहिनीत सोडलं तर ती आपोआप धुतली जाईल ना? बंदी कशाला?

१०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर सेकंदाला १.४ लिटर पाणी येतं. वरच्या पत्रातल्या ४०० घरांचा सरासरी प्रवाह अडीच लिटर आहे, म्हणजे दोन गच्च्यांनी तो ओलांडला. गर्दीच्या वेळच्या साडेसात लिटरांनंतर पाइपमध्ये जेमतेम ११-१२ लिटरांची जागा उरते, ती आठ-नऊ गच्च्यांनी भरते. पुढचं पाणी सर्वांत खालच्या घराच्या मोरीतून वर येतं, आणि ते नुसतं पावसाचं नसतं. शिवाय गच्चीवरची वाळू आत जाते ती वेगळीच.

प्रश्न : पिण्याच्या पाण्याची लाइन आणि मलवाहिनी एकाच रस्त्यात घ्याव्या लागतात. अंतर किती ठेवावं?

समांतर जाताना आडवं ३ मीटर. एकमेकींना छेदताना पाण्याची लाइन वर, आणि दोन्ही पाइपांच्या बाहेरच्या कडांमध्ये उभं ४५० मिमी. छेदाच्या जागी मलवाहिनीच्या अख्ख्या पाइपचा मध्य येईल असं बघा, म्हणजे दोन्हीकडचे सांधे लांब जातात. पाण्याच्या लाइनला दाब आहे, बाहेरचं आत कसं येईल, असं विचारलं जातं. पुरवठा बंद झाला किंवा लाइन फुटली की दाब शून्याखाली जातो आणि सांध्याजवळ जे साचलेलं असेल ते आत ओढलं जातं. रस्ता अरुंद म्हणून हे अंतर जमतच नसेल, तर मलवाहिनी त्या भागात दाबाच्या चाचणीला उतरणाऱ्या पाइपची करावी, असं पालिका सांगते. ती अट पाळा, वाटाघाटी करू नका.

प्रश्न : मॅनहोल किती अंतरावर? आणि आतलं काँक्रीटचं काम एवढं नक्षीदार का करायला लावतात?

दिशा, उतार किंवा व्यास बदलतो तिथे आणि दुसरी वाहिनी मिळते तिथे मॅनहोल लागतंच. सरळ लांबीत ते अंतर सफाईच्या साधनावर अवलंबून असतं. हाताच्या सळ्यांसाठी ३० मीटरच्या आसपास, जेटिंग यंत्र असेल तर १०० ते १२० मीटरपर्यंत.

आतलं काम म्हणजे नाली आणि बेंचिंग. नाली पाइपच्या व्यासाएवढीच, वळणात गुळगुळीत कमानीसारखी. बाजूचे कट्टे नालीकडे उतरते. सपाट तळाचं मॅनहोल ही छोटी गाळटाकीच होते. पाणी पसरतं, मैला मागे राहून कुजतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि वरच्या ओल्या काँक्रीटवरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून जुन्या मॅनहोलचं काँक्रीट पाण्याखाली शाबूत आणि वर खाल्लेलं दिसतं.

वळणावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीत ३० मिमीचा उतरता फरक ठेवा. छोटा पाइप मोठ्याला मिळतो तिथे तळ नव्हे, डोकी जुळवायची, नाहीतर मोठ्या पाइपचं पाणी छोट्यात मागे फुगतं. येणारी वाहिनी मॅनहोलच्या तळापासून ६०० मिमीहून जास्त उंचीवर मिळत असेल तर ड्रॉप पाइप (पाणी खाली तळापर्यंत नेणारी उभी नळी) बसवा. उघडा धबधबा वायू मोकळा करतो.

मॅनहोलची भिंत आणि पाइप सारख्या प्रमाणात खचत नाहीत. म्हणून भिंतीबाहेर ६०० मिमीच्या आत एक लवचीक सांधा आणि पुढे आखूड पाइपचा तुकडा घ्यावा. हा तुकडा बिलातून सगळ्यांत आधी गळतो आणि गळतीही तिथूनच सुरू होते.

तपासणीसाठी कुणालाही आत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास वाढत्या प्रमाणात जाणवेनासा होतो, त्यामुळे ‘वास नाही’ याला काही अर्थ नाही. आरसा किंवा कॅमेरा वरूनच सोडा.

प्रश्न : काम ताब्यात घेण्याआधी कोणत्या चाचण्या आम्ही स्वतः हजर राहून बघाव्यात?

भरणी करण्याआधी हवेची : दोन्ही टोकं बंद करून १०० मिमी पाण्याच्या उंचीइतका दाब द्यायचा, ५ मिनिटांत तो २५ मिमीहून जास्त उतरता कामा नये. उन्हात तापलेल्या पाइपमध्ये सावली आली की दाब आपोआप पडतो, म्हणून हवा स्थिरावू द्या. हवेत नापास झाला तर पाण्याची चाचणी निर्णायक : वरच्या टोकाला पाइपच्या डोक्यावर १.२ मीटर पाणी, काँक्रीटचा असेल तर दोन तास मुरू द्यायचं, मग ३० मिनिटांत दर मीटर लांबीला आणि दर मीटर व्यासाला अर्धा लिटर एवढीच घट चालते. ५० मीटर लांब, २०० मिमी पाइपला ती ५ लिटर होते.

भरणीनंतर पुन्हा कॅमेरा. कॅमेऱ्याआधी वरून थोडं पाणी सोडायला सांगा. कोरड्या पाइपमध्ये खोलगट जागा दिसत नाहीत, पाणी थबकलं की दिसतात. प्लॅस्टिक पाइप असेल तर ३० दिवस थांबून मँड्रेल (ठरावीक व्यासाचं कडक माप) आतून ओढा. चपटेपणाची मर्यादा ५ टक्के, म्हणजे आतून २०० मिमी असलेल्या पाइपमधून १९० मिमीचा मँड्रेल हाताने ओढून पार झाला पाहिजे. यंत्राने ओढू देऊ नका, यंत्र चपट्या पाइपमधूनही तो ओढून काढतं.

प्रश्न : घरं नंतर बांधली जाणार आहेत. जोडण्या तेव्हा पाइपला भोक पाडून केल्या तर?

हातोडीने पाडलेल्या भोकाभोवती पाइप तडकतो आणि आत घुसलेलं टोक चिंध्या अडवतं. वाहिनी टाकतानाच प्रत्येक भूखंडासमोर तिरका वाय (Y आकाराचा जोड) बसवा, त्याची फांदी भूखंडाच्या हद्दीपर्यंत न्या, टोकाला पाणीबंद टोपण लावा आणि चाचणी त्यासह घ्या. टोपणापासून जमिनीपर्यंत खुणेची पट्टी उभी ठेवा आणि जवळच्या खालच्या मॅनहोलपासूनचं अंतर व खोली नकाशात मोजून लिहून घ्या, चर बुजवण्याआधी.