नव्या रंगाखालचे घर

प्रश्न : आम्ही सुमारे वीस वर्षांपूर्वी बांधलेले एक घर विकत घेण्याच्या विचारात आहोत. घराला नुकताच रंग दिलेला असून वरवर पाहता दोष दिसत नाही. विक्रेत्याने स्वतः करून घेतलेला तपासणीचा अहवालही दाखवला आहे. आम्ही पुन्हा वेगळी तपासणी करावी का?

उत्तर : करावी, आणि ती तुम्ही नेमलेल्या स्थापत्य अभियंत्याकडूनच व्हावी. विक्रेत्याचा अहवाल खोटाच असेल असे नाही. परंतु ज्याने शुल्क दिले, त्याला जेवढे जाणून घ्यायचे होते तेवढेच बहुधा त्यात असते. दलालाने सुचवलेला तपासनीसही मी टाळेन, कारण व्यवहार मोडला तर दलालीही बुडते.

नवा रंग हा दोष नव्हे, पण न्हाणीघराला लागून असलेली एकच भिंत इतरांपेक्षा ताजी दिसत असेल, तर तेथे ओलावामापक लावून पाहावा. थर्मल कॅमेऱ्याचे सध्या फार कौतुक होते. मात्र तो भिंतीच्या आत पाहत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातील फरक तेवढा दाखवतो. त्यामुळे त्यात दिसलेला गार डाग ओलीचाच आहे का, हे मापकानेच पडताळावे लागते.

अभियंत्याचा खरा कस लागतो तो भेगांच्या बाबतीत. गिलाव्यातील केसासारख्या भेगा बहुधा तो वाळताना आकसल्याने पडतात आणि त्यांची फारशी चिंता नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून एका टोकाला रुंदावत गेलेली भेग मात्र पाया असमान खचल्याची खूण असू शकते. खांबात किंवा तुळईत सळईच्या रेषेने गेलेली भेग त्याहून वाईट, कारण ओल आणि हवा आत पोचून सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. ही भेग लांबी (पुट्टी) भरून बुजते, पण आतले गंजणे चालूच राहते.

साध्या पाहणीत भिंती फोडत नाहीत, म्हणून दडलेले नळ आणि वायरिंग यांची खात्री कोणी देऊ शकत नाही. तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहून प्रत्येक दोषाचे कारण विचारावे. नुसती दोषांची यादी फारशी उपयोगी पडत नाही. गंभीर दोष आढळल्यास विसार परत मिळेल, अशी लेखी अट आधीच घालून घ्यावी आणि विक्रेता ती मान्य करीत नसेल, तर विसार देऊच नये.