सशाने सिंहाला विहिरीत पाडलं, मग मी का नाही?

'माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. महिनाभर डबा रिकामा आणतो, विचारलं की "सगळं खाल्लं" म्हणतो, पण घरात पाऊल टाकताच भुकेने कासावीस असतो. दोन खोडरबर आणि रंगखडूंची पेटीही "हरवली". शेवटी शेजारच्या मुलीकडून कळलं, की वर्गातला एक दांडगा मुलगा त्याचा डबा काढून घेतो आणि "घरी सांगितलंस तर बघ" म्हणून दम देतो. खोटं बोलू नये म्हणून मी लेकाला "लांडगा आला रे आला" सांगितली, तर तो आणखीच गप्प झाला. धीर यावा म्हणून ससा आणि सिंहाची सांगितली, तर म्हणाला, "मीपण त्याला टाकीत ढकलून देईन." शाळेत पाण्याची टाकी आहे. अंगावर काटाच आला. गोष्टी सांगणं बंद करू का?
– एक आई, चिंचवड'

ताई, नमस्कार.

गोष्टी बंद करू नका, बदला.

लांडग्याच्या गोष्टीतला पोरगा गंमत म्हणून खोटं बोलतो. तुमचा लेक भीतीपोटी बोलतोय. त्याच्या जागी बसून ती गोष्ट ऐका: आईला मी खोटारडा वाटतो, आणि उद्या खरं सांगितलं तरी कुणी धावून येणार नाही. मग तो तोंड उघडेल कशाला? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या संशोधकांच्या एका अभ्यासात 3 ते 7 वर्षांच्या मुलांना हीच गोष्ट ऐकवली होती. तिने मुलांचं खरं बोलणं वाढलं नाही. ज्या गोष्टीत मुलगा चूक कबूल करतो आणि वडील त्याचं कौतुक करतात, तिने मात्र वाढलं. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तेव्हा तिचाही गुण गेला.

तुमच्या लेकाला जवळची आहे ती माकड आणि मगरीची गोष्ट. भर पाण्यात, मगरीच्या पाठीवर बसलेलं माकड म्हणतं, "काळीज तर झाडावरच राहिलं." इथे थांबा आणि विचारा, "माकड असं का बोललं असेल?" बहुतेक मुलं "घाबरलं म्हणून" असंच सांगतात. त्याला खोडू नका. "हो, घाबरलं की होतं असं," म्हणा, आणि पुढचा प्रश्न टाका: "झाडावर पोचल्यावर त्याने हे कुणाला सांगितलं असेल?" घर म्हणजे ते झाड, हे तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही.

आता सशाचं. पंचतंत्रातल्या विष्णुशर्म्यासमोर राजाचे तीन मुलगे होते आणि सहा महिन्यांत त्यांना राजनीती शिकवायची होती. तिथे शत्रूचा काटा काढणं हाच धडा असतो. चिमणी आणि हत्तीच्या गोष्टीतही सुतारपक्षी हत्तीचे डोळे फोडतो आणि बेडूक त्याला खड्ड्यात पडायला लावतो. मोठी माणसं त्यातून 'शक्तीपेक्षा युक्ती' घेतात, सात वर्षांचं मूल विहीर घेतं. टाकीचं बोलला त्यावर रागावू नका. "तुला त्याचा खूप राग आलाय ना?" एवढं म्हणा आणि मग एकदाच, सरळ सांगा: पाण्यात ढकललं तर माणूस मरतो, ते कधीच करायचं नाही. टाकीचं झाकण आणि कुलूप यांबद्दल वर्गशिक्षिकांच्या कानावर घाला.

सशाऐवजी सांगा चित्रग्रीव कबुतराची. तांदळाच्या दाण्यांना भुलून सगळा थवा जाळ्यात सापडतो. जो तो आपापल्या दिशेने ओढतो तेव्हा जाळं हलत नाही. चित्रग्रीवाच्या सांगण्यावरून सगळे एकदम उडतात आणि जाळ्यासकट उडून जातात. मग ते शंभर तोंडांच्या बिळात राहणाऱ्या हिरण्यक उंदराकडे उतरतात. उंदीर मित्राचे पाश आधी तोडायला जातो, तर चित्रग्रीव म्हणतो, "आधी माझ्या सोबत्यांचे." दमदाटी सोसणाऱ्या मुलाला हवं ते सगळं इथे आहे: सापडलेल्याला कुणी बावळट म्हणत नाही, सुटका एकट्याची नाही, आणि ज्याच्याकडे दात आहेत त्याच्याकडे जायचं. सांगताना त्याच्या पंजावर ओढणी टाका आणि एका बोटाने ओढायला लावा, मग पाचही बोटांनी. फरक त्याला हातालाच कळेल.

दोन-तीन रात्रींनंतर तुमची स्वतःची एक गोष्ट रचा. खारूताईच्या शेंगा कुणीतरी रोज पळवतं आणि ती आईला "खाल्ल्या" म्हणते. प्रसंग त्याच्यासारखा असू द्या, पण डबा, शाळा, त्या मुलाचं नाव यांतलं काही आणू नका, नाहीतर तो लगेच ओळखतो आणि मिटतो. शेंगा पळवणाऱ्याला लांडगा किंवा राक्षसही करू नका; दुसऱ्या दिवशी तेच नाव वर्गात चिकटतं आणि भांडण वाढतं. मोठा बोका चालेल, त्यालाही भूक असते. गोष्ट पाच-सात मिनिटांची ठेवा आणि गाठीवर सोडा: "आता खारूताई काय करेल?" मनात दहा आकडे मोजा. एवढा वेळ गप्प बसणं आपल्यालाच जड जातं. तो "माहीत नाही" म्हणाला तर "तिलाही माहीत नव्हतं" म्हणून दिवा मालवा. तात्पर्य विचारू नका. त्या प्रश्नाने रात्रीची परीक्षा होते.

प्राण्यांच्या गोष्टींची मर्यादाही ध्यानात असू द्या. टोरांटोतल्या आणखी एका अभ्यासात 4 ते 6 वर्षांच्या मुलांनी वाटून घेण्याची एकच गोष्ट ऐकली, काहींनी माणसांची, काहींनी कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची ऐकलेल्यांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने तसा फरक पडला नाही. खारूताईचं मुलाला आपलं वाटेलच असं नाही. म्हणून एखाद्या दिवशी प्राणी बाजूला ठेवून एका मुलाचीच गोष्ट सांगा.

दिवसा "डबा खाल्लास का?" हा प्रश्न बंद. उत्तर तुम्हाला ठाऊक असताना विचारलं की त्याला खोटं बोलायलाच लावतो आपण. त्यापेक्षा "आज कुठे बसला होतास? शेजारी कोण होतं?" विचारा. घरात एक वाक्य घोकून घ्या: "नको. माझा डबा मला दे," आणि म्हणताच बाईंकडे चालू पडायचं. तुम्ही बोका व्हा, तो खारूताई, दोन-तीनदा, हसतखेळत. त्याला 'चुगलखोर' ठरण्याची भीती असेल तर स्पष्ट सांगा, की कुणाला मार बसावा म्हणून सांगणं ती चुगली. कुणी त्रासातून सुटावं म्हणून सांगणं ती चुगली नव्हे.

पण दमदाटी थांबवणं हे गोष्टीचं काम नाही, मोठ्यांचं आहे. याच आठवड्यात वर्गशिक्षिकांना भेटा. तारीख, काय घेतलं, काय बोलला, असं चार ओळींत लिहून न्या. नेमकं मागा: डब्याच्या वेळी त्याची जागा बाईंच्या जवळ, सोबत एक-दोन मित्र, आणि लेकाचं नाव न घेता त्या मुलाशी बोलणं. शाळेच्या फाटकात त्याच्या आईवडिलांना गाठू नका. त्याचा राग दुसऱ्या दिवशी तुमच्याच लेकावर निघतो. आठ दिवसांनी पुन्हा जा. काही हललं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. मारहाण किंवा जिवाची धमकी असेल तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करा.

तोवर दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवत जा, पोर उपाशी राहता कामा नये. आणि एखाद्या रात्री तो अंधारात म्हणाला, "आई, ती खारूताई मीच आहे," तर उठून बसू नका, दिवा लावू नका. फक्त "हं, मग?" म्हणा, आणि तो सांगेल तेवढं ऐका.