स्वस्त आयशॅडो पॅलेट घेताना

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात अठरा रंगांच्या मोहात न पडता चार-सहा छटांचे लहान पॅलेट निवडावे आणि त्यातले मॅट, म्हणजे बिनचमकीचे, रंग आधी तपासावेत, कारण स्वस्त मालातही चमकीचे रंग बहुधा बरे निघतात, खरी कसोटी मॅटचीच लागते. टेस्टर डोळ्यांना कधीही लावू नये. मनगटाच्या आतल्या बाजूस बोटाने एकदाच ओढून पाहावे आणि रंग खडूच्या भुकटीसारखा झडला, तर ते पॅलेट तिथेच ठेवून द्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा प्राइमरवाचून (रंगाआधी पापणीवर लावायचा, रंग धरून ठेवणारा थर) महागडा रंगही पापणीच्या घडीत गोळा होतो. (माझा तर एका लग्नात अक्षता पडण्याआधीच गालांवर उतरला होता.) खोक्यावर उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असेल, तर उघडल्यापासून १२ महिन्यांत वापरून संपवावे.