एकट्या माकडिणीच्या पिंजऱ्यापुढे

अनेक आशीर्वाद.

पिंजऱ्यातल्या एकट्या माकडिणीला कसं रमवायचं, हे विचारणारं तुझं पत्र दोनदा वाचलं. चेंडू देऊन झाला, टायर झाला, आरसाही झाला. आणि चार दिवसांत माकडीण कशाकडेच बघेनाशी झाली. तिचं काही चुकलेलं नाही. तू तिला वस्तू दिल्यास, काम दिलं नाहीस.

मोकळ्या माकडाचा दिवसाचा मोठा वेळ खाणं शोधण्यात, सोलण्यात, निवडण्यात जातो. पिंजऱ्यात वाटी पाच मिनिटांत रिकामी होते. मग उरलेल्या दिवसाचं करायचं काय? डुलणं, त्याच त्या फेऱ्या, स्वतःचे केस उपटणं, दंडाला चावणं. म्हणून दाणे भुशात मिसळून पसर, छिद्रं पाडलेल्या पाइपात भर, फळ न सोलता दे. मात्र हे सगळं रोजच्या खुराकातूनच वजा कर. मी एकदा विसरलो आणि माझं माकड गरगरीत झालं! खेळणी आलटूनपालटून काढून ठेव, म्हणजे परत दिसली की थोडी नवी वाटतात.

बसायला उंच फळी हवीच. घाबरलेलं माकड वर पळतं. एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांपैकी खालच्या ओळीतल्या अंधाऱ्या पिंजऱ्यात त्याला ‘वर’ नसतंच. आणि तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नकोस, तिला ती धमकी वाटते. आरशाचंही तेच. बहुतेक माकडांना त्यात दुसरंच माकड दिसतं, काही त्यावर दातही विचकतात. लहानसा, तिला हवा तेव्हा फिरवता येईल असा लाव.

पण खरी गोष्ट सोबतीची. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनला ऱ्हीसस, म्हणजे लाल तोंडाच्या, माकडाची पिल्लं एकटी वाढवली. ते प्रयोग मला आजही पचत नाहीत. पण सहा महिने एकटी ठेवलेली पिल्लं सुधारली ती खेळण्यांनी नव्हे, त्यांच्याहून लहान पिल्लांच्या सहवासात. उवा वेचणारी बोटं कुठल्याही पाइपात भरता येत नाहीत.

तेव्हा आधी विचार, ती एकटी का आहे? आजार, विलगीकरण की जुनी भांडणं? कारण लेखी आहे का, ते पुन्हा कोण आणि कधी तपासणार? डॉक्टरांची हरकत नसेल तर शेजारी जोडीदार आणा, मध्ये बोटं जातील एवढी जाळी ठेवा. ओठ चपचपवणं ही माकडांची मैत्रीची खूण. ती दिसेपर्यंत दार उघडायची घाई नको. सुळ्यांच्या जखमा खोल जातात.

पुढच्या पत्रात नवीन खेळण्यांची यादी नको. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं बस, किती वेळा डुलली, किती वेळा स्वतःला चावली, तेवढे आकडे पाठव.

तुझा,
सर